खूण नसलेला आवाज

३ फेब्रुवारी

नियम्या,

आशीर्वाद शेवटी देईन, उरले तर. आधी वाच.

फोन करत नाही, कारण घर दोन खोल्यांचं आहे आणि आईचा घसा गेलाय, कान नाहीत गेलेले. मी बाथरूममध्ये नळ सोडून कुजबुजले तरी तिला सगळं ऐकू जातं. म्हणून कागद. तूही कागदावरच उत्तर दे आणि पाकिटावर माझ्या चष्म्याच्या दुकानाचा पत्ता घाल.

ऑपरेशन चांगलं झालं. गाठ पूर्ण निघाली, डॉक्टर खूश आहेत. स्वरयंत्र काढावं लागलं त्याचं दुःख त्यांना कशाला होईल? ते त्यांचं थोडंच होतं! हॉस्पिटलनं बोलायचं यंत्र दिलंय. शाळेतल्या पाटीएवढं आहे, त्यावर टाइप केलं की ते बोलतं. पण कुणाच्या आवाजात? बँकेला फोन लावल्यावर 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' असं एक बाई म्हणते ना, तिच्या. आईनं एकदाच टाइप केलं, 'पंखा कमी कर.' त्या बाईनं ते इतक्या गोड गळ्यानं सांगितलं की आईनं यंत्र उचललं आणि कपाटात चादरींखाली कोंबलं. तेव्हापासून तिनं मौनच धरलंय. लिहूनही काही सांगत नाही, बोट दाखवते. सगळं आयुष्य माइकसमोर बसून जिनं लोकांना पुस्तकं वाचून दाखवली, ती बाई जेवताना मला बोटानं मिठाची बरणी दाखवते.

आता मुद्दा. बोलणं शिकवायला येणाऱ्या बाई म्हणाल्या, जुनं स्वच्छ रेकॉर्डिंग असेल तर याच यंत्रात हिचा स्वतःचा आवाज बसवता येतो. मला हसूच आलं. म्हटलं, हिचं रेकॉर्डिंग? अहो, कपाट भरेल इतकी बोलकी पुस्तकं केलीत हिनं! घरी येऊन मी विकत घेतलेली सगळी पुस्तकं काढली. एकसुद्धा फाइल बाहेर निघत नाही. ऐकता येतं, तेही फक्त कंपनीच्या त्या जुन्या वाजवायच्या खोक्यावर, ज्याचं बटण तुटलंय आणि मी काडीनं दाबते. कॉपी करायला गेलं की पाटी झळकते, 'आपणास हा हक्क नाही.'

कंपनीत फोन केला. साहेब म्हणाले, वाचन कंपनीच्या मालकीचं आहे आणि वाचणारीचा आवाज हा त्या वाचनाचाच भाग आहे, करारात तसं आहे. म्हटलं, अहो, तो तिच्या गळ्यातून निघालाय! तर म्हणे, 'मॅडम, आम्हाला पूर्ण सहानुभूती आहे.' माझी तळपायाची आग मस्तकात गेली. हातात काचेचं भिंग होतं, ते टेबलावर आपटलं. गिऱ्हाइकाचं होतं ते. आता नवीन घासून देतेय.

तू त्या समितीचा सचिव आहेस ना? गाणी, पुस्तकं, सिनेमे यांच्या हक्कांचे सगळ्यांना चालतील असे सारखे नियम ठरवणारी समिती, असं काहीसं सांगितलं होतंस. लहानपणी कॅरमचे नियम पुठ्ठ्यावर लिहायचास आणि ते वाचून होईपर्यंत आम्हाला सोंगटीला हात लावू द्यायचा नाहीस. आता काढ एखादा नियम आईसाठी.

तिला यातलं काही सांगितलेलं नाही. उगाच आशेला लावायचं आणि मग तोंड पाडायचं, ते नको.

ताई


११ फेब्रुवारी

ताई,

पत्र मिळालं. ते खोकं अजून तू काडीनं चालवतेस हे वाचून लाज वाटली, कारण नेमकं तेच थांबवायला आम्ही इथे बसलोय.

तुला सोप्यात सांगतो, हसू नको. आज प्रत्येक दुकानाचं कुलूप वेगळं. एका दुकानातून घेतलेलं पुस्तक दुसऱ्याच्या यंत्रावर उघडत नाही. दुकान बंद पडलं की पुस्तकंही गेली. आम्ही ठरवतोय की हक्क सांगायची भाषा सगळ्यांनी एकच वापरायची. हे कुणी ऐकावं, कुणाला उसनं द्यावं, माणूस गेल्यावर कुणाकडे जावं, हे फाइलवरच्या खुणेत लिहिलेलं असेल आणि कुठलंही यंत्र ती खूण वाचू शकेल. एवढं झालं की तुझी पुस्तकं कशावरही वाजतील.

पण पुस्तकातून आवाज वेगळा काढणं हे त्या भाषेत कुठेच नाही. मी काल विचारून पाहिलं. आईच्या कंपनीचा माणूस माझ्यापासून तिसऱ्या खुर्चीवर बसतो. माणूस वाईट नाही. म्हणाला, आज एकीला दिलं तर उद्या कुणीही कुणाचाही आवाज काढून नेईल.

मग मी आईचा करार मागवून वाचला. त्यात शब्द आहेत 'पुस्तकाचं वाचन'. म्हणजे पुस्तकात आहे तेवढंच कंपनीचं. पुस्तकात नसलेलं काही आई कधी माइकसमोर बोलली असेल, तर त्यावर कंपनीचा हक्क पोचत नाही. असं काही असेल कुठे? मला तर आठवत नाही.

आईला माझा नमस्कार सांग. पत्राचं सांगू नको.

तुझा,
नियम्या


२४ फेब्रुवारी

नियम्या,

आठवत नाही म्हणे! तू कधी स्टुडिओत गेला असतास तर आठवलं असतं. मी शाळा सुटल्यावर तिकडेच बसायची, काचेच्या अलीकडे, रेकॉर्डिंग करणाऱ्या हेडफोनकाकांच्या शेजारी. वाचताना चूक झाली की आई मशीन बंद करायला सांगायची नाही. टेप चालूच. आधी ती चिडायची, मनसोक्त. मग घोटभर पाणी प्यायची, 'चुकलं. पहिल्यापासून.' म्हणायची आणि ते वाक्य पुन्हा वाचायची. नंतर काका बसून तेवढा चिडण्याचा तुकडा कापून काढायचे.

तुझं पत्र हातात धरूनच मी त्यांच्याकडे गेले. म्हटलं, काका, ते कापलेले तुकडे तुम्ही फेकलेत का? म्हातारा असा काही चिडला! 'फेकीन? तुझ्या आईच्या शिव्या मी फेकीन?' पलंगाखालून त्यांनी टेपांचे डबे ओढले. सगळे तुकडे त्यांनी एकाला एक जोडून ठेवलेत. डब्यावर मोठ्या अक्षरात लिहिलंय 'रागमाला'. स्टुडिओत कुणी निवृत्त झालं की निरोपाच्या चहाला हे लावायचे आणि सगळे पोट धरून हसायचे. आईला याचा पत्ता नाही. कळला असता तर काका जिवंत राहिले नसते.

मी ऐकलं. त्यांच्या खोलीत उभ्या उभ्या. 'कोण लिहितो हे? याला श्वास लागत नाही का?' 'ही खुर्ची करकरतेय का मी?' 'दार लावा, मी काय चौकात बसून वाचू?' आणि दर थोड्या वेळानं तेच, 'चुकलं. पहिल्यापासून.' तिचा आवाज, नियम्या. जसाच्या तसा, नाकावर राग असलेला. मला हसू येत होतं आणि डोळेही गळत होते. काकांनी त्यांचा टॉवेल पुढे केला. कळकट होता, पण घेतला.

बोलणं शिकवणाऱ्या बाईंना ऐकवलं. म्हणाल्या, भरपूर आहे, आवाज नक्की बसेल. फक्त जरा चिडका येईल. म्हटलं, मग तो बरोबरच आला म्हणायचा.

तुझं डोकं शेवटी कामाला आलं. आशीर्वाद.

ताई


२ मार्च

ताई,

वाचून खुर्चीत उडी मारली. शेजारचे बघायला लागले.

एकच सांगतो. काम लवकर उरका. आणि ते तुकडे कुठल्या कंपनीच्या दुकानात, साइटवर चढवू नका, घरातच ठेवा. का ते विचारू नको. एवढ्यात आमच्याकडे काही गोष्टी ठरतायत, घाईत आहे. सविस्तर नंतर.

नियम्या


१९ मार्च

सचिवसाहेब,

'का ते विचारू नको' असं मला लिहिलंस तेव्हाच मनात पाल चुकचुकली होती. तुमच्या समितीनं मसुदा लोकांपुढे ठेवलाय, हरकती मागवल्यात. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, मी वाचायला बसले. अर्धा कळला नाही. पण एक कलम असं आहे की लहान पोरालाही कळेल. 'ज्या ध्वनीवर हक्काची खूण नाही, तो यंत्राने वाजवू नये.'

आईच्या शिव्यांवर कसली खूण आहे रे? कोण लावणार? तिचं यंत्र उद्या बोलायला लागेल, पण त्या बोलण्यावर कुणाची खूण नसेल. मग ती फोनवर बोलली तर तुला काय ऐकू येणार? शांतता? दवाखान्यात, बँकेत, जिथे जिथे आवाज कुठल्यातरी स्पीकरमधून जातो तिथे ती पुन्हा मुकी? एकदा डॉक्टरांनी तिचा गळा कापला तो जीव वाचवायला. तुम्ही कशासाठी कापताय?

आणि त्या कलमाखाली बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचून तर माझं डोकंच फिरलं. 'सचिवांच्या सूचनेवरून.'

तू सुचवलंस. तू! मला पत्रात कुलपांच्या गोष्टी सांगत होतास, करार वाचून हुशारी दाखवत होतास, आणि हे तुझ्याच हातचं! म्हणून 'लवकर उरका' होय? तुझ्याच नियमातून आईला चोरवाटेनं बाहेर काढायला निघाला होतास? आणि बाकीच्यांच्या आयांनी काय करायचं? त्यांच्या पलंगाखाली नाहीत डबे.

भांडून घे माझ्याशी, पण गप्प बसू नको. गप्प बसलास तर मी गाडीत बसून येईन आणि तुझ्या समितीसमोर तुझा कान धरीन. सांगून ठेवते.

ताई


२७ मार्च

ताई,

मी पण चिडू शकतो, हे तू विसरलीस.

हो, सूचना माझी. का केली ते ऐकून तर घे. कंपन्या एकत्र यायलाच तयार नव्हत्या. त्यांचं म्हणणं, चोर आधी खूण पुसतात आणि मग माल विकतात, तेव्हा बिनखुणेचं काही वाजूच द्यायचं नाही. हे मिळालं नाही तर आम्ही उठून जातो. सगळे उठून गेले असते तर काय राहिलं असतं? तुझं काडीचं खोकं. लाखो लोकांची पुस्तकं अशीच बंद खोक्यांत मरतायत. मी एक कलम दिलं आणि त्या बदल्यात सगळ्यांची एक किल्ली मिळवली. या टेबलावर बसून बघ एकदा, मग मला अक्कल शिकव.

आईचं तेव्हा माझ्या डोक्यात नव्हतं, ही गोष्ट खरी. सूचना केली तेव्हा तिला अजून आवाज होता. तुझं पत्र आलं आणि मला झोंबलं. पण एका घरासाठी मी नियम फिरवला तर मी तिथे बसायला नालायक ठरतो. अपवादांची यादी नंतर करता येते. आजारी माणसांसाठी अर्ज करायची सोय ठेवू. तिच्या आवाजाला मी स्वतः खूण मिळवून देईन.

आणि सगळं बंद पडेल वगैरे जे लिहिलंयस तसं होत नाही. आमच्या सभागृहातली ध्वनियंत्रणा गेल्या बैठकीपासून मसुद्याप्रमाणेच चालवतोय, चाचणी म्हणून. एकदाही अडली नाही. समितीतले सगळे त्यावरून बोलतात.

मे महिन्यात हरकतींची सुनावणी आहे. असेल हरकत तर रीतसर नोंदव.

नियम्या


१४ एप्रिल

नियम्या,

काल आईचा आवाज बसला.

मला वाटलं होतं, तिला आधी सगळं समजावून सांगावं, तयारी करावी. पण बाईंनी यंत्र तिच्या पुढ्यात ठेवलं आणि मी काही बोलायच्या आत तिनं नाक मुरडून टाइप केलं, 'मला हे नको.' आणि ते तिच्याच आवाजात खोलीभर वाजलं. ती दचकली. मागे वळून बघितलं, जणू दारात कुणी उभं आहे. मग तिनं हळूच पुन्हा टाइप केलं, 'मला हे नको.' परत तेच. असं कितीतरी वेळा ऐकत राहिली, एकच वाक्य, आणि यंत्र काही सोडेना. मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासली. घासलेलीच परत घासली.

संध्याकाळी तुला फोन केला तिनं. तू रडलास, असं ती म्हणते. तू नाही म्हणशील, पण तिच्या कानांचं तुला माहीत आहे.

प्रत्येक वाक्य चिडूनच बाहेर पडतं. 'चहा छान झालाय' म्हणाली तर मला वाटलं दूध नासलंय. हेडफोनकाका भेटायला आले, त्यांना डब्यांचा हिशेब विचारला तिनं. म्हातारा जिन्यात चप्पल विसरून पळाला.

आणि हो, 'अर्ज करायची सोय' हे तुझं वाक्य मी तिला वाचून दाखवलं. मसुदाही दाखवला. लपवालपवी पुरे झाली, तुझी पण आणि माझी पण. बोलायला अर्ज! कुणाकडे करायचा रे? तुझ्याकडे? तिनं सगळं वाचलं, चष्मा काढला आणि एवढंच म्हणाली, 'सुनावणीला मी जाणार.' हरकत तिच्या सहीनं आज टाकलीय, रीतसर.

मला दुकान सोडता येत नाही. तिला स्टेशनवर घ्यायला ये. आशीर्वाद यावेळी राखून ठेवते.

ताई


८ मे

चि. चष्मेवालीस,

सुखरूप पोचले हे तुझ्या भावानं कळवलं असेलच. बाकीचं मी सांगते, कारण तो दोन दिवस जेवताना ताटाशिवाय कुणाकडे बघत नाही.

सभागृह मोठं आहे. प्रत्येकासमोर पाण्याची बाटली आणि पदाची पाटी. खुर्च्या करकरत नाहीत, एवढी एक गोष्ट चांगली. माझ्याआधी बरेच जण बोलले, सगळे एकमेकांचे आभार मानत होते. मी घरून भाषण टाइप करून नेलं होतं. वाचणारी बाई आहे मी, मला कुठे थांबायचं ते कळतं. दोनदा ऐकून त्यातले विराम नीट करून घेतले होते.

माझा नंबर आला. नियम्या स्वतः उठला, माझ्या यंत्राला सभागृहाची वायर स्वतःच्या हातानं लावली, कानाशी येऊन म्हणाला, 'आई, सावकाश बोल, तुला हवा तेवढा वेळ आहे.' मी बटण दाबलं.

काही नाही.

परत दाबलं. समोरच्या पडद्यावर अक्षरं आली, 'हक्काची खूण आढळली नाही.' आवाजाचं काम बघणारा माणूस धावत आला. त्यानं वायर काढून घातली, मग माझं यंत्र सरळ माइकपुढे धरलं. तरी तेच. अध्यक्ष म्हणाले, काय अडचण आहे? तो माणूस बिचारा मोठ्यानं आणि अगदी सरळ मनानं म्हणाला, 'साहेब, सिस्टीम बरोबर चाललीय. ती माणसाचा आवाज सोडते, यंत्राचा अडवते. बाईंचा आवाज तिला माणसाचा वाटत नाही.'

मी तुझ्या भावाकडे पाहिलं. त्याच्या तोंडावरचा रंग उडाला होता. कधी काही न विसरणारा हा पोरगा, मला घ्यायला शाल घेऊन आला होता, पाण्याची बाटली घेऊन आला होता, आणि आपणच लावलेलं कुलूप साफ विसरला होता. ते दुसऱ्यांच्या आवाजासाठी आहे, असंच त्याच्या डोक्यात होतं. खोटं कशाला सांगू, मला त्याची दया आली नाही. संताप आला नुसता. ऑपरेशनच्या वेळी रडले नव्हते, ते तिथे रडू येईल असं वाटलं, म्हणून आणखी चिडले.

वायर मी उपटून काढली. व्यासपीठावरून उतरले आणि सरळ त्याच्या टेबलाशी जाऊन उभी राहिले. यंत्राचा स्वतःचा स्पीकर लहान आहे, आपण शेजाऱ्याशी बोलतो तेवढाच आवाज येतो त्यातून. मागच्या रांगांतले लोक उठले. त्यांना ऐकू येणार नव्हतं म्हणून पुढे येऊन टेबलाभोवती उभे राहिले. तुझ्या भावाजवळ बसणारा माझ्या कंपनीचा तो सहानुभूतीवाला पण आला.

भाषण माझ्या यंत्रात तयार होतं. ते मी लावलं नाही. तुझ्या भावाच्या डोळ्यांत बघत वेगळंच टाइप केलं आणि बटण दाबलं. तुझ्या हेडफोनकाकांच्या डब्यात जसं आहे तसंच आलं, त्याच रागानं, त्याच ठिकाणी थांबून.

'चुकलं. पहिल्यापासून.'

तो उठून उभा राहिला. लहानपणी पाढा चुकला की राहायचा तसा. 'हो, आई,' म्हणाला. मग अध्यक्षांकडे वळला आणि सांगितलं की सचिव आपली सूचना मागे घेत आहेत, आणि अर्ज, अपवाद काही नको, कलमच काढा. त्याचा माइक चालू होता, सगळ्यांना नीट ऐकू गेलं.

त्यावर गलका झाला. दोन कंपन्या लगेच उठून गेल्या. सगळ्यांची एक किल्ली होणार होती, ती आता कधी होईल देव जाणे, असं तो घरी आल्यावर म्हणाला. होईल. नाही झाली तर तू काडीनं बटण दाबत राहा, मी ऐकत राहीन.

आपला सहानुभूतीवाला मात्र गेला नाही. मसुद्याचा गठ्ठा हातात धरून तिथेच उभा होता. वैतागून म्हणाला, 'म्हणजे इतक्या वर्षांची सगळी बोलणी आता परत नव्यानं करायची?'

मी तेच बटण पुन्हा दाबलं.

तुझी,
आई